शुक्रवारचं बंदर

सुगंधाबाईचा लेक परदेशात दर शुक्रवारी मोटारसायकल काढून बंदरं पाहायला जातो, हे घुग्घुसजवळच्या त्या गावात एव्हाना सगळ्यांना पाठ झालं होतं. विहारात, पिठाच्या गिरणीवर, कापूस वेचताना, कुठलाही विषय निघो, सुगंधाबाई आदेशला मध्ये आणल्याशिवाय राहत नसे. आणि आदेश आला की मागोमाग बंदरं यायचीच.

"तिथले बंदरं आपल्यासारखे नाई व," ती बायांना सांगायची. "हजार वर्सांचे जुने हायेत म्हणते."

"हजार वर्सं बंदर जगते काय?" एखादी विचारायची.

"खाणंपिणं चांगलं असन. तेलाचा देश हाये तो."

आता मुंबई-रत्नागिरीच्या माणसाला बंदर म्हटलं की जहाजं दिसतील, धक्का दिसेल. पण आमच्या चंद्रपूरकडे बंदर म्हणजे छपराच्या कवेलूंवर नाचणारं, तुरीच्या शेंगा ओरबाडणारं, शेपटीवालं जनावर. दुसऱ्या कुठल्या बंदराशी या मुलखाचा कधी संबंध आला नाही आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नाही.

आदेश ओमानमध्ये होता. समुद्रकाठी सूर नावाचं गाव आहे, तिथून जवळच एका सिमेंट कारखान्यात तो फिटर. गाव समुद्रकाठी आहे हे आईला कुणी सांगितलं नव्हतं. जाताना सुगंधाबाईने त्याला दारू पिऊ नको म्हटलं नाही, पैसे पाठव म्हटलं नाही. एकच गोष्ट कबूल करून घेतली होती, की पाण्याजवळ जायचं नाही. तिचं माहेर गडचिरोलीकडे, वैनगंगेच्या काठी. तिचा धाकटा भाऊ पोचू तिच्या डोळ्यांदेखत डोंग्यात बसून नदी पार करायला निघाला आणि डोंगा मधोमध उलटला. ती काठावर उभी होती, हातात पोचूची चप्पल होती. त्या दिवसापासून ती नदीला गेली नाही. वर्धा नदीच्या पुलावरून जाताना सुद्धा ती नवऱ्याच्या पाठीत तोंड खुपसून बसे आणि "झाला का पूल?" एवढंच विचारत राही.

मोटारसायकलीचं मात्र तिला भय नव्हतं. कसं असणार? अर्धा संसार तिने मोटारसायकलीवर बसून केला होता. सोमाजी, म्हणजे तिचा नवरा, कोळसा खाणीत होता. इतर माणसं सुटीच्या दिवशी झोपा काढायची, पत्ते कुटायची. या माणसाला मात्र सुटी आली की पाय शिवशिवायचे. राजदूतवर पुढे टाकीवर आदेश, मागे सुगंधाबाई, तिच्या मांडीवर नीलिमा आणि हँडलला डबा. भद्रावतीची लेणी, मार्कंड्याचं देऊळ, बल्लारपूरचा किल्ला, चंद्रपूरच्या कोटाचे दरवाजे. एकेक दगड सोमाजी पोरांना हात लावून बघायला लावायचा. "हे कोणी घडवलं असन? आपल्यासारख्याच माणसानं," म्हणायचा. सुगंधाबाई तोवर सावली बघून, नदी असली तर तिकडे पाठ करून, डबा उघडायची. तिला त्या दगडांत काही कळत नसे, पण नवरा असा खुशीत दिसायचा तो तेवढ्यापुरताच, म्हणून ती मुकाट्याने जायची.

तर असा बाप, म्हटल्यावर लेक काय परदेशात खोलीवर झोपून राहणार होता? गेल्यावर थोड्याच दिवसांत त्याने एक जुनी मोटारसायकल घेतली आणि पहिल्याच शुक्रवारी, म्हणजे तिकडच्या सुटीच्या दिवशी, घरी व्हिडिओ कॉल लावला.

"आई, जुनं बंदर पाहायले चाललो," तो म्हणाला.

"बंदर?" सुगंधाबाई म्हणाली. "एवढ्या दूर जाऊन बंदरच पाह्यतं का रे बापू? आपल्या छपरावर काय कमी हायेत?"

आदेशने भुवया उंचावल्या. मग हसला. "हे लय जुनं हाये आई. कोण्या राजानं बांधलेलं."

"बांधलेलं? अन् अजून सोडलं नाई त्याले? काय राजा म्हणावं! चावन बरं, दूर उभा राय."

तिकडून आदेश काही बोलणार होता, पण बोलला नाही. फक्त म्हणाला, "दूरच उभा राह्यतो आई." सुगंधाबाईचा जीव भांड्यात पडला. डोंगर असेल, किल्ला असेल, माकडं असतील. पाण्याचं नाव तर नव्हतं.

तेव्हापासून दोन वर्षं हेच चाललं. शुक्रवारी सकाळी आदेशचा फोन यायचा, "बंदर पाहायले चाललो," आणि दिवेलागणीला परत यायचा, "पोचलो रूमवर." मधल्या वेळात सुगंधाबाई खुशाल शेतात निंदण करायची, विहारात जायची, दुपारी ताणून द्यायची. फुटाण्यांची एक पुरचुंडीसुद्धा तिने कुणाबरोबर तरी ओमानला धाडली होती, बंदरांना घालायला. ते फुटाणे आदेशने आणि त्याच्या खोलीतल्या केरळच्या पोराने चहाबरोबर खाल्ले.

सोमाजीचं मात्र शुक्रवारी काहीतरी बिनसायचं. निवृत्त झाल्यापासून तो तसा शांतच झाला होता, पण शुक्रवारी तो जेवतच नसे. ताट वाढलं की म्हणायचा, "पोट जड हाये." अंगणातल्या कडुनिंबाखाली खाट टाकून, फोन उशाशी घेऊन पडून राहायचा, कारण तिथे रेंज पूर्ण येते. दिवेलागणीनंतर मात्र भात आणि लाखोळीचं वरण ओरपून खायचा.

"आपल्या घरात कधी उपासतापास नाई," सुगंधाबाई त्याला टोमणा मारायची, "अन् तुमी आता म्हातारपणी शुक्रवार धरला का?"

सोमाजी हसायचा. त्याच्या त्या हसण्याचा तिला राग यायचा.

या दिवाळीनंतर नीलिमा माहेरी आली. ती अहेरीला शिक्षिका, नवराही तिकडेच नोकरीला. शुक्रवारचाच दिवस होता. सोमाजी नेहमीसारखा कडुनिंबाखाली, आणि मायलेकी ओसरीत वाल सोलत बसलेल्या. नीलिमाने फोन काढला.

"आई, तुह्या लेकानं टाकलेले व्हिडिओ पाह्यतं का? लोकं किती पाहून राह्यले त्याले!"

सुगंधाबाईने हात पुसले आणि चष्मा लावला. फोनमध्ये आदेशची मोटारसायकल धावत होती. एका बाजूला उघडेबोडके डोंगर, पुढे पडक्या भिंती, घुमट ढासळलेली एक दगडी इमारत. आदेश थांबला, भिंतीला हात लावला, अगदी बापासारखा तळवा टेकवून. मग कॅमेरा वळला आणि फोन निळा झाला. खालपासून वरपर्यंत निळा. त्यात काठ कुठे दिसेना.

आदेशचा आवाज आला, "हे कल्हातचं जुनं बंदर."

"बंदर कुठी हाये यात?" सुगंधाबाईने विचारलं.

"हे काय. हेच बंदर."

"मले तर नुसतं पाणीच दिसून राह्यलं."

"आई, जिथी जहाजं लागतात त्याले बंदर म्हणते ना! समुद्रावरचं. दादा दर शुक्रवारी तेच तर पाह्यतो. काठाकाठानं जाते, जुनी गावं, बुरूज, जहाजं बांधाचे कारखाने..." बोलता बोलता नीलिमा थांबली. आईच्या मांडीवरचे वाल खाली सांडले होते.

सुगंधाबाई उठली ती थेट कडुनिंबाखाली.

"अजी, तुमाले मालूम होतं?"

सोमाजी उठून बसला. तिच्या तोंडाकडे बघून त्याला सगळं समजलं. नाही म्हणायचा त्याने प्रयत्नही केला नाही.

"मालूम होतं."

"कवापासून?"

"पयल्या दिवसापासून. तो तुले सांगतच होता. मी तुह्या मागं उभा होतो, मीच त्याले हातानं 'नाई' म्हणलो. तू बंदर म्हणजे बंदर समजली, मी म्हणलो, राहू दे."

"राहू दे? माह्या भावाले पाण्यानं नेलं, अन् तुमी माह्या पोट्ट्याले पाण्यावर धाडता? अन् मी बंदरायले फुटाणे धाडत राहू?" तिचा आवाज चिरकला. "दोन वर्सं मले येडी बनवलं!"

"सांगतलं असतं तर तू त्याले दुसऱ्या दिवशी परत बोलावलं असतं," सोमाजी हळू म्हणाला. "नाईतर दर शुक्रवारी मेली असती. मी त्याले दगडं दाखवले, सुगंधा. माह्या पायाले शिफ्टचा दोर होता, मी भद्रावती-मार्कंड्याच्या पुढं गेलो नाई. तो गेला. त्याले कोण्या तोंडानं नको म्हणू?"

तिने रागाने पाठ फिरवली. परत ओसरीत जावं, सामान बांधावं, नीलिमाबरोबर अहेरीला निघून जावं, असं काहीबाही तिच्या मनात आलं. पण तेवढ्यात तिच्या ध्यानात आलं की दिवस मावळला आहे आणि आदेशचा फोन आलेला नाही.

ती खाटेच्या कडेवर बसली. पहिल्यांदाच ती अशी बसली होती. एरवी या वेळी ती चुलीशी असायची, फोन आला की पदराला हात पुसत यायची, "बंदरं बरे हायेत ना?" म्हणून विचारायची. आता तिच्या डोळ्यांपुढे फक्त ते निळं होतं आणि त्याच्या काठावर उभा आदेश.

ओसरीतला दिवा लागला. फोन आला नाही. नीलिमाने लावून पाहिला, तर बंद. "बॅटरी गेली असन," ती म्हणाली, पण तिचाही आवाज पातळ झाला होता.

सुगंधाबाईने नवऱ्याकडे पाहिलं. तो फोन हातात घेऊन बसला होता. अंगठ्याने काच पुसत होता, उगाच, पुन्हा पुन्हा. ओठ कोरडे पडलेले. सकाळपासून त्याच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. आणि मग तिला एकदम उमगलं. हे आजचं नव्हतं. दोन वर्षं दर शुक्रवारी, ती दुपारची घोरत असताना हा माणूस इथे असाच काच पुसत बसला होता. तिचं भय त्याने स्वतःच्या अंगावर घेतलं होतं आणि वर तिचे टोमणे ऐकून घेतले होते. जे तिला आता घडीभर सोसवत नव्हतं, ते त्याने दर आठवड्याला दिवस दिवस सोसलं आणि "पोट जड हाये" एवढंच सांगितलं.

तिचा राग कुठल्या कुठे गेला. तिला रडूच आलं. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाने तिला लुगडं आणलं, पोरं शिकवली, घर बांधलं, त्याचं तिला कधी फार वाटलं नव्हतं. ते सगळेच नवरे करतात असं ती म्हणायची. पण दोन वर्षांची झोप कोण कुणाला देतं? तिने त्याच्या हातावर हात ठेवला आणि काच पुसणारा अंगठा थांबला.

तेवढ्यात फोन वाजला.

अनोळखी नंबर. सोमाजी नंबराकडेच बघत होता, म्हणून तिनेच बटण दाबलं. काचेवर आदेशचा चेहरा आला, तेलाने माखलेला. तिकडे अजून उजेड होता.

"बाबा, घाबरू नका! चेन तुटली, अन् फोनही डिस्चार्ज झाला. एक मासेवाले भाऊ भेटले, गाडी पिकअपमधी टाकून नेऊन राह्यले. त्यायच्याच फोनवरून..." आणि मग त्याला आई दिसली. "आई? तू? अं... आज बंदर पाहायले आलतो. बंदरं लय... लय मस्ती करून राह्यले होते."

याला खोटं बोलता येत नाही, हे दोन वर्षांत आपल्याला कसं ओळखू आलं नाही, याचं तिला नवल वाटलं.

"खरं का?" ती म्हणाली. "मंग दाखव ना."

"आता? आता ते... गेले आई."

"गेले कसे? बांधलेलं होतं ना तुहं बंदर? फिरव फोन. पाणी दाखव मले."

आदेशने बापाकडे पाहिलं. सोमाजीने या खेपेला हात हलवला नाही, नुसती मान डोलावली. फोन फिरला. सुगंधाबाईने नवऱ्याचा हात घट्ट धरला, पण तोंड कुठे खुपसलं नाही. डोळे उघडे ठेवून तिने पाहिलं. संध्याकाळचं पाणी आता निळं नव्हतं, राखाडी होतं, आणि काठाशी एक पांढरी रेघ पुढे येऊन मागे जात होती.

"केवढं हाये रे," ती म्हणाली. मग म्हणाली, "पोचूनं पाह्यलं असतं तर येडा झाला असता."

तिकडून आदेशने फोन परत स्वतःकडे वळवला. तो म्हणाला, "आई, मी परत पाण्याकडं जात नाई. तू म्हणत असशील तर नाई जात."

"जाय," सुगंधाबाई म्हणाली. "काठावरूनच पाह्य. अन् दुसरं कोणतं बंदर असन तर मले पयले सांग. त्या मासेवाल्या भाऊले म्हणावं, तुमचे लय उपकार."

फोन ठेवून ती चुलीशी गेली. नीलिमाने ताटं घेतली. सोमाजी हातपाय धुऊन पाटावर बसला, तेव्हा सुगंधाबाईने त्याच्या भातावर वरण वाढलं, आणखी वाढलं, तो पुरे म्हणाला तरी वाढलं.

"तुले भेव नाई लागलं?" त्याने विचारलं.

"लागलं ना," ती म्हणाली. "पण अर्धंच लागलं. अर्धं तुमच्यापाशी होतं."

पुढच्या शुक्रवारी सकाळी आदेशचा फोन आला. त्या दुपारी सुगंधाबाईने चूल पेटवलीच नाही. कडुनिंबाखाली तिने खाट थोडी सरकवली आणि शेजारी दुसरी टाकली.