किंचेलोशी बांधलेलं मत

लिअँडर ट्रॅस्क आणि मी मिळून अ‍ॅशबीत वकिली करायचो. बोलायचा तो, कागद लिहायचो मी. गावाने त्याला फ्रँकफर्टला, केंटकीच्या विधानसभेत, धाडलं ते एकाच कामासाठी. काउंटीचं कोर्ट आमच्या गावातून हलू द्यायचं नाही. कोर्ट गेलं की खानावळ बसते, तबेला बसतो आणि वकील तर उठतातच. हे काम केलंस तर पुढच्या खेपेला तुला वॉशिंग्टनला पाठवू, असं लोक त्याला तोंडावर सांगायचे.

कोर्ट हवं होतं टॉलिव्हर गावाला. त्यांचा आमदार ओबेड किंचेलो. सभागृहात हे दोघे एकमेकांची सालटी काढायचे आणि संध्याकाळी एकाच टेबलाशी व्हिस्की घ्यायचे. मला ते कधी पटलं नाही.

ऐन थंडीत किंचेलोची बायको बाळंतपणात अडल्याचा निरोप आला. तो तडक ट्रॅस्ककडे आला. त्याचे कागद लिहायला मीही तेव्हा फ्रँकफर्टलाच होतो, समोरच बसलेलो.

"जोडी बांधतोस? मी परत येईपर्यंत तू मत द्यायचं नाहीस."

"जा तू. तू येईपर्यंत माझं तोंड बंद."

हात मिळवला, झालं. आमच्याकडे अशा जोडीला कागदबिगद लागत नाही. एक गैरहजर, तर विरुद्ध बाजूचा दुसरा गप्प, म्हणजे कुणाचंच नुकसान नाही.

वाटेत नदीवरचा बर्फ फुटला आणि किंचेलो घोड्यासकट बुडाला. बातमी आली त्याच दुपारी कोर्ट टॉलिव्हरला हलवायच्या बिलावर मतदान होतं.

"वाईट झालं, पण सुटलास," मी ट्रॅस्कला म्हणालो.

"तो परत येईपर्यंत, असं म्हणालोय मी."

"तो कसला येतोय आता."

"तेच तर. मला मोकळं करणारा राहिला नाही."

"तू वकील आहेस की पाद्री?"

त्याने कोटाची बटणं लावली आणि निघाला.

नाव पुकारल्यावर तो उभा राहिला. "माझी किंचेलोंशी जोडी आहे," म्हणाला आणि खाली बसला. बिल एका मताने पास झालं. त्याने विरोधात मत दिलं असतं तर बरोबरी होऊन ते पडलं असतं. कोर्ट टॉलिव्हरला गेलं.

ऑगस्टात पुन्हा निवडणूक लागली. आमच्यात मत तोंडाने देतात, मोठ्याने, आणि उमेदवार कारकुनाशेजारी बसून आपल्या मतदाराचे आभार मानतो. ट्रॅस्क सगळ्यांचेच मानत होता. खानावळवाला आला, ट्रॅस्कविरुद्ध उभ्या असलेल्याचं नाव घेतलं, "पेटिग्रू." "आभारी आहे." तबेलेवाला आला, "पेटिग्रू." "आभारी आहे." त्याचा सख्खा मेहुणा हेझेकाया बुटांकडे बघत तेच नाव पुटपुटला.

"आभारी आहे, हेझ. मुलं बरी आहेत ना?"

मग मी. रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं म्हणालो, "ट्रॅस्क." मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

"आभारी आहे," तो म्हणाला. तोच आवाज, तसूभर फरक नाही.

माझी कानशिलं तापली. कोर्ट गेलं तेव्हाही इतका राग आला नव्हता. "लेका, माझ्याशी तरी नीट बोल," मी म्हणालो.

"मागे माणसं खोळंबलीत, ओरिन," तो म्हणाला. "पुढे सरक."