आबा आणि रूही, मंगळवार सकाळ

आपल्याच गावात फोटो काढायचे म्हणजे कॅमेऱ्यासमोर अनोळखी माणूस कधी येतच नाही. मी धुळ्यातच जन्मले, इथेच शिकले, आणि लग्न करून तीन गल्ल्या ओलांडून सासरी आले. कॅमेरा गळ्यात अडकवून निघाले की दहा पावलांवर कोणीतरी विचारणारच, "लोटन ड्रायव्हरनी पोर ना व तू? लेकरू कोठे शे?"

लेकरू, म्हणजे माझी नऊ महिन्यांची रूही, एकतर माझ्या कडेवर असते नाहीतर झोपलेली असते. ती झोपली की मला चाळीस मिनिटं मिळतात. तेवढ्यात जेवढं गाव दिसेल तेवढं माझं.

रूही पोटात असताना मी माहेरच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांचे फोटो काढले होते. ज्याच्या त्याच्या ओट्यावर, जसे बसलेले असतील तसे. प्रिंट काढून घरोघर वाटले. सुमनबाईंचा सगळ्यात छान आला होता. मांडीवर सूप, सुपात लसूण, आणि कोणाला तरी शिवी देता देता हसलेल्या. दोन महिन्यांनी सुमनबाई झोपेतच गेल्या. त्यांच्या मुलानं तोच फोटो चौकातल्या हसीबभाईंच्या फ्लेक्सच्या दुकानात दिला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून येताना मी पाहिलं, तर चौकात सुमनबाई दहा फूट उंच हसत होत्या. सूप नव्हतं, लसूण नव्हता, ओटा नव्हता. मागे निळं आभाळ आणि कापसासारखे ढग, खाली तेराव्याच्या गंधमुक्तीची तारीख आणि शोकाकुल मंडळींची नावं.

मग पुना नाना गेले. मग टोकाच्या घरातल्या अक्का गेल्या. तिघंही ऐंशीच्या पुढचे, पण ते कोण लक्षात घेतं? तिघांचेही फोटो माझेच. हसीबभाईंनी तर मला थांबवून कौतुक केलं, "ताई, तुमचा फोटो कटिंगला एकदम इझी. माणूस बरोबर बाहेर निघतो."

गल्लीत आधी थट्टा सुरू झाली. "काय व चारू, आते कोना नंबर?" बायका खिदळायच्या आणि पदर तोंडावर ओढायच्या. मीही हसायचे. मग एक दिवस पुना नानांच्या थोरल्या बहिणीनं मला लांबूनच हात केला, "इकडे नको येऊ माय. माले मन्ही नातनं लगीन देखनं शे." त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. रस्त्यावर गाय आडवी आली तर माणूस जसा वळसा घालतो, तसं लोक माझ्या कॅमेऱ्याला वळसा घालायला लागले. मी घरात रूहीचे पाय, वाळत घातलेली दुपटी, खिडकीतला कावळा असे फोटो काढत बसले.

आणि इकडे आबा.

माझ्या आबांनी तीस वर्षं एसटी चालवली. साखरेनं त्यांचे डोळे नेले, मग किडन्या. आठवड्यातून दोनदा मशीनवर जायचे आणि आले की भिजलेल्या कपड्यासारखे खाटेवर पडायचे. दिवाळीनंतर डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता मशीनही फार दिवस साथ देणार नाही. आबांना कोणी सांगितलं नव्हतं, पण इतकी वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला इंजिनचा आवाज कळतोच. ते मला म्हणाले, "चारू, पोरसोबत मन्हा एक फोटू काढ. मी तिले याद ऱ्हावाव नही."

आबा माझ्याशी अहिराणी बोलायचे आणि मी त्यांच्याशी शाळेतली मराठी. लहानपणापासून असंच होतं. मी म्हटलं, "काढूया की आबा."

माय आतून लाटलेली कच्ची पोळी हातात घेऊनच बाहेर आली. "बठ्ठा गावना फोटू काढ. तुन्हा बापना नको."

"अगं माय, तूपण?"

"मी काही म्हनत नही. पण नको."

"माले काय भेव?" आबा म्हणाले.

"तुमले नही. माले शे," माय म्हणाली आणि आत गेली. त्यानंतर मी गेले की ती आधी माझ्या पिशवीकडे बघायची. कॅमेरा दिसला की आबांच्या खाटेशी ठाण मांडून बसायची, शेंगा फोडत.

एका मंगळवारी माय एकवीरा देवीला गेली, आबांसाठीच. आबांनी शेजारच्या पोरीच्या मोबाईलवरून मला फोन केला, "तुन्ही माय गई. ये लवकर." शाळेला बुट्टी मारायला निघालेल्या मुलाचा आवाज. रूही झोपली नव्हती, तिला तशीच उचलली.

आबा ओट्यावर बसले होते. धुतलेली टोपी, स्वतःच घातलेला सदरा, एक गुंडी चुकलेली. मी गुंडी नीट लावली आणि रूहीला मांडीवर दिलं. थंडीतलं अकराचं ऊन समोरच्या पत्र्यावरून उलटून आबांच्या चेहऱ्यावर येत होतं. मऊ, पिवळसर. रूहीनं वर पाहिलं आणि आपला तळहात आबांच्या हनुवटीवर ठेवला, पांढऱ्या खुंटांवर. तिला ते टोचत असावेत, कारण ती हात उचलायची आणि पुन्हा ठेवायची. आबांना गुदगुल्या होत होत्या. त्यांचे न दिसणारे डोळे बरोबर तिच्याकडे वळले होते.

मी कॅमेरा डोळ्याला लावला. मला माहीत होतं, असा फोटो मी याआधी काढला नव्हता आणि पुढेही मिळणार नव्हता.

आणि मला हसीबभाईंची कटिंगची रेघ दिसली. टोपीवरून, कानामागून, गालावरून खाली. हनुवटीपाशी रूहीचा हात. तो हात कापावा लागणार होता. मी बोट खटक्यावर ठेवलं आणि दुसरा विचार आला, तो त्याहून वाईट होता. या चौकटीत आबा एकटे नाहीत. रूहीसुद्धा आहे.

मी बी.एस्सी. झालेली बाई आहे. मला हे सगळं खोटं आहे हे पक्कं माहीत होतं. बोट खाली गेलं नाही.

"निंघना का?" आबांनी विचारलं. ते खटक्याच्या आवाजाची वाट बघत होते. मी कॅमेरा बाजूला वळवला आणि भिंतीकडे बघून खटका दाबला. दोनदा. आबांचा चेहरा सैल झाला.

"कसा उना?"

"छान आलाय."

"सांग ना, मी काय देखू शकस का?"

मग मी सांगितलं. ऊन कुठून येतंय, टोपी सरळ आहे, रूहीचा हात तुमच्या दाढीवर आहे.

"मी हासी ऱ्हायनू का?"

"हो आबा. खूप."

त्यांनी रूहीच्या टाळूचा वास घेतला. म्हणाले, "मायले नको सांगजो."

पुढचे एकोणीस दिवस मी रोज गेले आणि रोज त्यांनी तो फोटो माझ्याकडून ऐकला. काही नवीन सांगितलं की लगेच पकडायचे, "काल त पाय दिखत नव्हतात." मशीनवर नळ्या लावलेल्या असताना शेजारच्या पलंगावरच्या माणसाला सांगायचे, नातीसोबत फोटो आहे म्हणून. दरवेळी मनात यायचं, आज खरंच काढू. पण दरवेळी ते आदल्या दिवसापेक्षा बारीक झालेले असायचे. मी सांगत असलेल्या फोटोतले आबा आता राहिले नव्हते.

विसाव्या दिवशी पहाटे ते गेले. दुपारी हसीबभाईंचा फोन आला. मी म्हटलं, माझ्याकडे फोटो नाही. ते म्हणाले, "आधार का भेज दो ताई, मैं देखता हूं." चौकात आबा लागले ते ताठ, भ्यायलेले, आधार कार्डातून उचललेले.

द्वारदर्शनाला, म्हणजे भेटून सांत्वन करायला, येणारे पाच-सहा दिवसांत कमी झाले. एका दुपारी घर रिकामं झालं, तेव्हा माय कप गोळा करून माझ्याजवळ येऊन बसली. हात पदराला पुसले. रूही माझ्या मांडीवर झोपत होती.

"दखाड," माय म्हणाली.

"काय?"

"फोटू. त्यासनी माले बठ्ठं सांगेल व्हतं, त्याच राती. पोरना हात दाढीवर शे म्हने. मी रागावाव नही. दखाड."

कार्ड खराब झालं म्हणता आलं असतं. पण खोटं जेवढं होतं तेवढं सगळं आबांवर खर्च झालं होतं.

"माय, मी काढलाच नाही."

तिनं रूहीच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं. मग अगदी हळू म्हणाली, "मी नको म्हनेल म्हनीसन?"

नाही म्हणायचं होतं. तू नव्हतीसच तिथे, मीच भ्याले, एवढंच. पण तसं म्हटलं असतं तर तिनं विचारलं असतं, कशाला भ्यालीस, आणि मला झोपलेल्या रूहीकडे बोट दाखवावं लागलं असतं. मी खाली बघितलं. तेवढा होकार मायला पुरला.

"हां," ती म्हणाली, स्वतःशीच. उठली, कपांचा ट्रे उचलला आणि आत गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला, आणि मग बराच वेळ नुसता नळच वाहत राहिला.