साडूचा माल

पिंपळगाव बसवंतला हायवेच्या कडेला गोरक्षचं द्राक्षांचं पॅकहाऊस जुनं, आणि त्याच्या साडूचं, नवनाथचं, नवं. नवनाथ आधी गोरक्षकडेच कामाला होता. घड कुठून कातरायचा, कोणता मणी काढून टाकायचा, परदेशातल्या गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं, हे सगळं तो इथंच शिकला. मग गोरक्षची मेहुणी पूजा त्याला दिली, सासऱ्यांनी जागेसाठी शब्द टाकला आणि नवनाथनं थोडं पुढं स्वतःची शेड उभी केली. वर भलामोठा निळा बोर्ड. गोरक्ष चारचौघांत म्हणायचा, "आपलंच पोर हे, वाढू द्या." पण त्या बोर्डाकडे न बघता त्याला कधी पुढं जाता आलं नाही.

चीनमधल्या आजाराच्या बातम्या सुरू झाल्या त्या फेब्रुवारीत गोरक्षनं एक शहाणपणाचं काम केलं. परदेशी जाणाऱ्या द्राक्षाच्या पेटीत घडांवर कागदासारखा एक पॅड ठेवतात. त्यातून हळूहळू गॅस सुटतो आणि बोटीच्या प्रवासात द्राक्षाला बुरशी लागत नाही. गोरक्ष वापरायचा ते पॅड बाहेरून यायचे. बोटींचं काही खरं नाही म्हणून त्यानं हंगामाला पुरून उरतील एवढे पॅड भरून ठेवले. नवनाथ मात्र लागेल तसे मागवायचा. गोदामात सामान पडून राहिलेलं त्याला खपत नसे.

मार्चमध्ये सगळं बंद झालं. पुठ्ठ्याच्या पेट्या बनवणारा कारखाना बंद, टेम्पोवाले पोलिसांच्या भीतीनं घरात. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या कामकरी बाया पोरं कडेवर घेऊन चालत गावी निघाल्या. द्राक्ष तेवढं थांबायला तयार नव्हतं. वेलीवर त्यात साखर भरतच होती.

नवनाथचा फोन आला तेव्हा गोरक्ष गोदामातच होता, पॅडच्या खोक्यांना टेकून उभा.

"दादा, माझे पॅड बंदरात अडकले. तुमच्याकडं थोडे असतील का? कंटेनर मिळालाय, पण पॅडबिगर माल कसा धाडू?"

गोरक्षनं क्षणभरही विचार केला नाही. "नाय रे नवनाथ. माझंच भागंना."

"बरं बरं. असू द्या. तुमचं आधी निघू द्या."

फोन ठेवल्यावर त्याला दिसलं की मैना दारात उभी आहे. त्याची बायको, पूजाची थोरली बहीण. राहिलेल्या चार बायांना हाताशी घेऊन ती पेट्या भरत होती.

"एवढी खोकी पडलीत, अन् नाय कशाला म्हनलात?"

"उद्या बोटी बंद राहिल्या तर आपल्याला कोन देईल? धंदा असाच असतो."

मैनानं पॅडचं एक खोकं उचललं आणि पेट्या भरायला निघून गेली. गोरक्षला मात्र त्या दिवशी जेवण गोड लागलं. नवनाथचं कोल्ड स्टोरेज द्राक्षांनी भरलेलं होतं आणि बाहेर जायची वाट बंद होती. वर्षानुवर्षांचं ठुसठुसणारं गळू फुटावं तसं त्याला मोकळं वाटलं.

गोरक्षचा कंटेनर निघाला. बंदरात माणसंच नव्हती, त्यामुळे तो तिथंच रखडला, पण शेवटी बोटीवर चढला. गोरक्षनं सासऱ्यांना मुद्दाम फोन करून ते सांगितलं. सासरे, हिरामणबाबा, म्हणाले, "चांगलं झालं. अन् आमच्या नवनाथचं पाहिलं का?"

त्यानं पाहिलं नव्हतं. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पूजानं फोटो टाकले होते. ठाण्यातल्या कुठल्याशा सोसायटीच्या फाटकात लोक तोंडाला मास्क लावून, अंतर राखून उभे. पुढं नवनाथचा टेम्पो. नवनाथनं भाजीचे प्लास्टिकचे क्रेट मिळवले होते, शेतमालाचा पास काढला होता आणि परदेशी जायचा माल थेट लोकांच्या दारात नेला होता. सकाळी कातरलेला घड दुसऱ्या दिवशी घरात पोचत असेल, तर पॅड हवाय कशाला? एका सोसायटीनं दुसरीला सांगितलं. पूजा घरी बसून फोनवर नावं घ्यायची. राहिलेल्या मालाचा बेदाणा करायला त्यानं शेडच्या मागं जाळ्याही बांधल्या होत्या.

फोटोखाली हिरामणबाबांनी लिहिलं होतं, "वा रे माझ्या वाघा!"

गोरक्षनं तो फोटो मोठा करून पाहिला. क्रेटमधली द्राक्षं बारकाईनं तपासली, कुठं मणी फुटलाय का, देठ सुकलाय का. माल चोख होता. आपणच शिकवल्यासारखा चोख. मग तो कामाचं निमित्त काढून गाडी घेऊन त्या शेडवरून गेला आणि तसाच परत आला. टेम्पो भरत होते. आपल्याला हे सुचलं नाही, याचं त्याला दुःख नव्हतं. हे नवनाथला सुचलं, याचं होतं.

त्यानंतर युरोपातून निरोप आला. बोट उशिरा पोचली होती, माल मऊ पडला होता, देठ तपकिरी झाले होते. गिऱ्हाइकानं तो घ्यायला नकार दिला. पॅडचा गॅस तरी किती दिवस पुरणार? दुसरा कंटेनर मिळायचं नाव नव्हतं, आणि ज्यांची द्राक्षं गोरक्ष दरवर्षी उचलायचा ते बागायतदार रोज विचारायला लागले.

अक्काबाई स्वतः आली. नवरा गेल्यापासून बाग ती एकटी सांभाळायची, आणि तिचा माल आजवर गोरक्षशिवाय कुणी उचलला नव्हता.

"गोरखभाऊ, बाग उतरायला आली. तुमी नाय म्हनत असाल तर नवनाथभाऊला देऊ का? तुमाला इचारल्याबिगर नाय जायची मी."

तिनं विचारलं नसतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. 'दे' म्हणणं एवढं सोपं होतं.

"थांबा अक्काबाई. दोन दिवसांत कंटेनर लागतोय."

कंटेनर लागणार नव्हता. ते त्याला ठाऊक होतं. तरीही तिला त्यानं आठवडाभर थांबवलं. एकदा वळवाचा शिडकावा झाला आणि वरच्या घडांचे मणी तडकले. अक्काबाईनं तडकलेला एक घड आणून त्याच्या टेबलावर ठेवला. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "तुमी सांगितलं म्हनून थांबले."

मैना तिथंच होती. अक्काबाई गेल्यावर ती म्हणाली, "आता तुमी जाताय का मी जाऊ नवनाथरावांकडं?"

गोरक्ष गेला.

नवनाथ शेडमध्ये बायांबरोबर बसून घड कातरत होता. गोरक्षला बघून तो हातातली कात्री टाकून उठला. "या दादा! आज इकडं कसं काय?"

"अक्काबाईचा माल हे. अर्धा तरी वाचंल. तुझ्या टेम्पोत जागा असंल तर..."

"असंल तर काय? उद्याच उतरून घेऊ. तडकलेला बेदान्याला टाकू, चांगला ठाण्याला." मग तो मोकळेपणानं हसला. "दादा, एक सांगू? त्या दिवशी पॅड मिळाले असते ना, तर मीबी बोटीवरच माल टाकला असता अन् बसलो असतो. नशीबच म्हनायचं."

त्यात टोमणा नव्हता. गोरक्षनं त्याच्या चेहऱ्यावर तो शोधला, मिळाला नाही. टोमणा असता तर निदान भांडता आलं असतं.

नवनाथ ड्रायव्हरशी बोलायला बाहेर गेला. पूजा चहा घेऊन आली आणि कप ठेवून तिथंच उभी राहिली.

"दाजी, ताईनं सांगितलं होतं मला. खोक्यांचं."

गोरक्षचा हात कपापाशी थांबला. "कधी?"

"त्याच दिवशी."

"अन् नवनाथ?"

"त्यांना नाय सांगितलं. अजून सगळ्यांना सांगत्यात, मी जे शिकलो ते दादांकडं शिकलो. ते कशाला मोडू मी?"

ती आत गेली. गोरक्ष चहा न पिता बसून राहिला. नवनाथचा धंदा, टेम्पो, सासऱ्यांची शाबासकी, या सगळ्याचा हेवा त्याला सवयीचा झाला होता. पण कुणाबद्दल इतकं निर्मळ मनानं बोलता येणं, हे त्याला आजवर एकदाही जमलं नव्हतं, आणि आता त्याला त्याचाही हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी अक्काबाईची बाग उतरली. तडकलेला माल निवडायला माणसं कमी होती, तेव्हा गोरक्ष स्वतः बायांच्या ओळीत बसला. "बघा, दादांची कात्री कशी चालती," नवनाथ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

गोरक्षनं मान वर केली नाही. आत जळत होतं ते जळतच होतं. त्यानं पुढचा घड घेतला, फुटका मणी अलगद कातरून टाकला आणि चांगला घड नवनाथच्या क्रेटमध्ये ठेवला.