बाबांच्या फोटोचा कागद

लॅबवाल्या बाईंनी एकाच फोटोचे तीन छोटे नमुने काउंटरवर ओळीने मांडले. "हा ग्लॉसी, हा मॅट आणि हा सिल्क. पसंत करा, मोठा प्रिंट त्याच कागदावर काढून देते."

ताईने पहिला उचलला, ठेवला. तिसरा उचलला. पुन्हा पहिला. मागे दोन गिऱ्हाइकं ताटकळत उभी होती, त्यातल्या एकाने घसा खाकरला, तरी तिचं काही ठरेना.

फोटो तिच्या बाबांचा होता. ती शाळेत होती तेव्हा रंगाच्या कारखान्यात वाफेचा पाइप फुटला आणि बाबांच्या चेहऱ्याची डावी बाजू भाजली. गालापासून कानापर्यंतची कातडी चुरगळली ती कायमची. तेव्हापासून घरात कुणाचं लग्न असो की वाढदिवस, बाबा आपणहून कॅमेरा हातात घ्यायचे. "तुम्ही उभे राहा रे, मी काढतो." लोकांना वाटायचं, काय हौस आहे या माणसाला! घरातल्या अल्बममध्ये झाडून सगळे होते, फक्त बाबा नव्हते. आई गेल्यावर शोधाशोध केली, तर दोघांचा एकत्र फोटो सापडला तो थेट अपघाताआधीचा.

हा फोटो ताईने चोरून काढला होता. बाबा खिडकीपाशी बसून बंद पडलेला मिक्सर खोलत होते. ताई नर्स. ती म्हणाली, "बाबा, ऑपरेशन चाललंय की पोस्टमॉर्टेम?" बाबा मान वर करून खळखळून हसले आणि तेवढ्यात तिने बटण दाबलं. आता ती नव्या हॉस्पिटलात, दुसऱ्या शहरात चालली होती. तिथल्या खोलीत हा फोटो मोठा करून लावायचा, एवढंच तिने ठरवलं होतं. बाबांना या फोटोचं काहीच ठाऊक नव्हतं.

ग्लॉसीवर बाबांचे डोळे असे काही लकाकत होते, की आता बोलतील. पण भाजलेल्या गालाची घडीन् घडीही तशीच लकाकत होती. मॅटवर सगळं शांत झालं होतं, जणू कुणीतरी त्यांच्या तोंडाला पावडर फासली होती. सिल्कच्या कागदाला बारीक दाणा होता. त्या दाण्यात व्रण जवळजवळ विरून गेला होता.

"चेहऱ्यावर काही असलं ना, की लोक सिल्कच नेतात," बाई सहज म्हणाल्या.

ताईची कानशिलं तापली. "उद्या सांगते," म्हणून तिने तिन्ही नमुने पाकिटात कोंबले आणि ती बाहेर पडली.

घरी आल्या आल्या तिने खोलीचं दार लावून धाकट्या भावाला फोन लावला.

"सिल्क घे आणि मोकळी हो," भाऊ म्हणाला. "नाहीतर येणारा-जाणारा विचारत बसेल, काय झालं, कसं झालं. रोज तीच कहाणी सांगणारेस का?"

"म्हणजे बाबांना झाकून ठेवू?"

"मग ग्लॉसी घे."

"आणि बाबा राहायला आले म्हणजे? आपलाच गाल भिंतीवर एवढा मोठा बघून त्यांना काय वाटेल?"

"मग मॅट घे बाई, पण माझं डोकं खाऊ नकोस!"

तिने फोन ठेवला आणि नमुने कपाटाला टेकवून पाहिले. मग खिडकीत नेले. मग पलंगावर ठेवून लांबून पाहिले. जेवताना तिचं लक्ष नव्हतं. अंथरुणावर पडली, पण या कुशीवरून त्या कुशीवर नुसती तळमळ. लोक काय म्हणतील याचं तिला फारसं काही वाटत नव्हतं. खुपत होतं ते वेगळंच होतं आणि ते भावाला सांगायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या घाईत पाकीट जेवणाच्या टेबलावरच राहिलं. अर्ध्या वाटेत आठवलं, पण परत फिरायला वेळ नव्हता. दिवसभर तिचा जीव टांगणीला. संध्याकाळी दार उघडलं, तर बाबा टेबलाशी चष्मा लावून बसलेले आणि समोर तिन्ही फोटो.

"कधी काढलास?"

"मागच्या महिन्यात."

"मला विचारलं नाहीस."

"विचारलं असतं तर काढू दिला असतात?"

"नसता."

बाबा उठले आणि आपल्या खोलीत गेले. दार आपटलं नाही, हळूच लोटलं. ताईला तेच जास्त लागलं. तिने भांडी घासली, ओटा पुसला, पुसलेला ओटा परत पुसला. शेवटी फोटो घेऊन ती दाराशी जाऊन उभी राहिली.

"बाबा, मोठा करून तिकडच्या खोलीत लावायचा होता. नको असतील तर फाडून टाकते."

मग दार उघडलं. बाबांनी तिच्या हातातून सिल्कचा फोटो घेतला.

"हा कोण?"

"तुम्हीच की."

"हा मी नाही. गाल झाकला गेलाय, ठीक आहे. पण हसणंही पार बोथट झालंय. मी काय असा गुळमुळीत हसतो?"

ताईला राहवलं नाही. "हा बघितला ना, तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं, बाबा. मलाच."

बाबा फोटोकडे बघत राहिले. "मलाही वाटलं," ते म्हणाले. "म्हणूनच हा नको."

"मग कोणता?"

"मोठा करायचाच असेल तर चकचकीत कर."

"आवडला तुम्हाला?"

"आवडलाबिवडला काही नाही. पण तू रोज बघणार ना? मग नीट दिसू दे. माझं मी बघेन."

ताईने ग्लॉसी प्रिंट करून आणला. जायला अजून थोडे दिवस होते, म्हणून तोवर बाहेरच्या खोलीत लावला. बाबा त्या भिंतीसमोरून जाताना खाली बघून जायचे. टीव्ही बघायचा तर खुर्ची अशी तिरकी लावायचे, की फोटो पाठीशी यावा. ताई हे सगळं बघत होती आणि आतल्या आत चरफडत होती. तिच्यासाठी म्हणून त्यांनी हा काटा पायात घेतला होता का? शेवटी एका सकाळी ती फोटो उतरवायचाच असं ठरवून बाहेर आली.

बाबा फोटोला नाक लावून उभे होते.

"काढू का खाली?" तिने विचारलं.

"हा दात बघ."

"कुठला?"

"हा, वरचा. शेजारच्याच्या मांडीवर बसलाय नुसता! इतका वाकडा? आणि इतक्या वर्षांत एकानेही मला सांगू नये?"

"मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

"मला कसं माहीत असणार? दाढी करताना मी काय आरशात बघून हसतो?"

ताईला हसू आवरेना. बाबा मात्र गंभीरपणे जिभेने तो दात चाचपत होते. मग त्यांनी भिंतीवरचा दिवा लावला आणि चष्मा पुसून पुन्हा फोटोजवळ गेले.