ठमाबाईने सोललेल्या गोळ्या

मी एक जुनी चंची आहे, मित्रांनो. तुमच्यापैकी पुष्कळांनी चंची पाहिलीही नसेल. पान, सुपारी, चुना आणि तंबाखू ठेवायची कापडी पिशवी म्हणजे चंची. तिला आत कप्पे असतात. कप्पे भरले की घडी घालायची, दोरी गुंडाळायची आणि कमरेला खोचायची. माझे कापड जाड लाल खारव्याचे होते. आता ते विटून मातीच्या रंगाचे झाले आहे.

महाड तालुक्यात सावित्रीच्या काठी तुडील नावाचे गाव आहे. तिथल्या ठमाबाईने लग्नाच्या पहिल्याच वर्षी मला हाताने शिवले आणि नवऱ्याला, कोंडाजीला दिले. तेव्हापासून मी त्याच्या कमरेला राहिले. नांगरणीला गेले, लावणीला गेले, लग्नांच्या पंगतीत बसले. चारचौघांत कोंडाजीने माझी दोरी सोडली की माणसे आपोआप जवळ सरकत. "काढ रे कोंडाजी, तुझं दुकान," असे कुणीतरी म्हणे. त्या दिवसांत मला फार मान होता.

पुढे भात झोडायच्या यंत्रात कोंडाजीच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. उरलेली ताठ झाली. माझी दोरी तो दातांनी सोडू लागला, पण मला त्याने सोडले नाही.

मग त्याचे हृदय बिघडले. महाडच्या डॉक्टरांनी तंबाखू बंद केली आणि कायमच्या गोळ्या लिहून दिल्या. रक्त पातळ ठेवणारी गोळी एक दिवसही चुकवायची नाही, असे त्यांनी दोघांनाही बजावले. मला वाटले, आता माझी जागा उकिरड्यावर. पण ठमाबाईने मला रिठ्याच्या पाण्यात धुतले आणि तंबाखूचा वास जाईपर्यंत पडवीत वाळत ठेवले. चुन्याच्या कप्प्यात सकाळची गोळी, सुपारीच्या कप्प्यात दुपारची आणि पानाच्या कप्प्यात रात्रीची, अशी तिने वाटणी केली.

गोळ्यांची पाकिटे तुम्हाला ठाऊक आहेत. मागचा चंदेरी कागद अंगठ्याने फोडून गोळी काढावी लागते. कोंडाजीच्या बोटांना ते जमत नसे. म्हणून ठमाबाई शेंगा सोलाव्यात तशा गोळ्या सोलून माझ्यात भरी. कोंडाजीने फक्त बोट घालून गोळी उचलायची. अशी कित्येक वर्षे सुखाने गेली.

त्यांचा मुलगा राजेश आखातातल्या एका शहरात नोकरीला होता. त्याला मुलगा झाला. त्याने फोन केला, "बाबा, तीन महिने येऊन राहा. नातू बघा. पुरतील एवढी औषधं तेवढी घेऊन या." भाताची कापणी तोंडावर होती आणि गोठ्यात म्हैस व्यायची होती, म्हणून ठमाबाई मागे राहिली.

जायच्या आदल्या दिवशी ती ओटीवर सूप घेऊन बसली. महाडहून आणलेल्या सगळ्या गोळ्या तिने सोलायला घेतल्या.

कोंडाजी हसला. "काय गो, दुकान मांडलंस काय?"

"हसू नका. तिकडं पूजापुढं हात करणार हाव? गोळी काढून दे म्हून? सून आपली गुणाची हाय, पन बापय माणसानं सुनेला असली कामं सांगू नयेत."

"आन ही पाकिटं?"

"चुलीत. रिकाम्या कागदांचं वजन इमानात कशाला?"

डॉक्टरांची चिठ्ठीही तिने नीट घडी घालून फळीवरच्या डब्याखाली ठेवली. त्या चिठ्ठीशिवाय महाडचा दुकानदार गोळ्या देत नसे. परक्या मुलखात ती हरवली तर काय, अशी तिला धास्ती होती.

मित्रांनो, तिने यातले एकही काम निष्काळजीपणे केले नाही. ती संध्याकाळपर्यंत बसली होती. तिच्या अंगठ्याचे नख दुखून लाल झाले होते. माझे कप्पे इतके टम्म भरले की दोरी पुरेना.

त्या परक्या विमानतळावर एका अधिकाऱ्याने मला उघडले. सुट्या गोळ्या पाहून तो थबकला.

"ये किस चीज की गोली है, चाचा?"

"दिल की."

"नाम क्या है?"

कोंडाजीला नाव सांगता येईना. गोळी पांढरी आणि गोळी गुलाबी, एवढेच तो ओळखत होता.

"डॉक्टर का कागज?"

"घर पे हाय."

तो माणूस वाईट नव्हता. नाव नसलेली गोळी आत नेऊ देता येत नाही, असे त्याने दोनदा समजावले. मग माझे तिन्ही कप्पे एका पिशवीत रिकामे केले. कोंडाजीला दोरी बांधता येत नाही हे पाहून त्यानेच ती बांधली आणि मला परत दिले. मी इतकी हलकी कधीच झाले नव्हते.

बाहेर राजेश उभा होता. पाया पडून त्याने पहिले विचारले, "गोळ्या आणल्यात ना, बाबा?"

कोंडाजीने माझ्यावर हात ठेवला. "हायत की. तुझ्या आयेनं सोलून दिल्यात."

खरे सांगितले असते तर राजेशने त्याच दिवशी डॉक्टर गाठला असता. पण तो आधी आईवर रागावला असता, आणि ठमाबाईच्या मनाला ते लागले असते. कोंडाजीला ते नको होते. आपल्याला काही दुखत नाही, घरी गेल्यावर पुन्हा सुरू करू, असे त्याने मनाशी ठरवले असावे. रोज सकाळी पूजाच्या देखत तो मला उघडी. रिकाम्या कप्प्यात बोट घाली, हात तोंडाशी नेई आणि वर पाणी पिई. मी सगळे पाहत होते. मला तोंड नव्हते.

फोनवर ठमाबाई विचारी, "गोळ्या घेता ना येळच्या येळी?"

"घेतो गो. तुझ्या हातची चव हाय त्यांना."

"गोळीला कसली चव? चहाटळ बोलू नका!" असे म्हणून ती हसे.

एके सकाळी नातवाला मांडीवर घेऊन बसला असताना कोंडाजीचे तोंड वाकडे झाले. एक हात लुळा पडला. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. इस्पितळात डॉक्टरांनी राजेशला विचारले, कोणती गोळी चालू होती? राजेशने घाईघाईने मला उघडले. एक कप्पा पाहिला, दुसरा पाहिला, तिसरा उलटा केला.

कोंडाजीचे शब्द तुटत होते. "इमानतळावर... काढल्या. आयेला सांगू नको. तिला वाटंल... तिनंच..."

तो वाचला नाही.

राजेश त्याला पेटीतून गावी घेऊन आला. सगळे आटोपल्यावर ठमाबाईने मला मांडीवर घेतले आणि एकेका कप्प्यात बोट फिरवले.

"सगळ्या घेतल्या ना रे त्यांनी?"

राजेश खाली पाहत म्हणाला, "घेतल्या, आये."

"मंग बरं. माझं काय राह्यलं नाय." येणाऱ्याजाणाऱ्याला ती हेच सांगे. औषधाची हयगय झाली नाही, एवढाच तिला आधार होता. तिने मला खुंटीला टांगले.

वर्षश्राद्धाला राजेश पुन्हा आला. त्याच दिवसांत शेजारची गोदूबाई आपल्या मुलीकडे परदेशी निघाली होती. तिला साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या होत्या, आणि हात थरथरत. ठमाबाईने मला खुंटीवरून काढले आणि सूप घेऊन ओटीवर बसली.

"आन गो तुझ्या गोळ्या. ह्यांना मीच करून दिल्या हुत्या. पाकीट फोडायचा तरास नाय."

राजेश दारात आला आणि जागीच थांबला. "आये, राहू दे. पाकिटातच राहू दे त्या."

"का रे? तिला फोडता येत नाय."

"राहू दे म्हणतो ना!"

"अरे, पन झालं काय?" तिने आणखी एक गोळी सोलून सुपात टाकली.

तो तिच्याजवळ खाली बसला. तिच्या हातातले पाकीट त्याने बाजूला ठेवले. मग म्हणाला, "बाबांच्या गोळ्या तिथं काढून घेतल्या, आये. सुट्या होत्या, नाव नव्हतं, चिठ्ठी नव्हती. त्यांनी एकही घेतली नाही. मी फोनवर नीट सांगायला हवं होतं. माझ्या ध्यानातच आलं नाही."

ठमाबाईने आपल्या अंगठ्याकडे पाहिले. नखात चंदेरी कागदाचा तुकडा अडकला होता.

"पन फोनवर तर म्हनायचे..."

"तुला कळू नये म्हणून."

गोदूबाईने डोळ्यांना पदर लावला. ठमाबाई रडली नाही. तिने सोललेल्या गोळ्या गोळा केल्या आणि गोदूबाईच्या हातावर ठेवल्या. "ह्या जाईस्तोवर घरात खा. बाकीच्या हायत तशा ने. चिठ्ठी ने. आन तिकडं लेकीला सांग, काढून दे म्हनावं. लाजू नको गो."

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरातले कुणी दूर देशी निघाले तर त्यांची औषधे नावासकट पाकिटातच राहू द्या. डॉक्टरांची चिठ्ठी त्यांच्या हातातल्या पिशवीत घाला. आणि वाटेत औषध गेले, तर कुणाचे मन राखण्यासाठी ते लपवू नका, एवढे त्यांना सांगा.

गोदूबाई गेल्यावर ठमाबाईने फळीवरचा डबा उचलला. खालची चिठ्ठी काढून माझ्या पानाच्या कप्प्यात घातली आणि दोरी घट्ट बांधली. त्यानंतर मला कुणी उघडलेले नाही.