कोरड्या केसांत फणी

झिपरीला जाग आली तीच डोक्यात खसाखस चाललेल्या फणीनं. पहाटे उठून तिनं केस धुतले होते. जास्वंदीची पानं आणि मेथी उकळून, गाळून, गार केलेलं पाणी केसांवर ओतलं होतं. मग ते जुन्या सुती बनियनमध्ये खालून वर दाबून टिपले, आणि वाळेपर्यंत हात लावायचा नाही म्हणून ती खुर्चीत टेकून बसली. तिथंच डोळा लागला. वाळलेल्या कुरळ्या केसांत फणी घालणं म्हणजे पिंजाऱ्याच्या हाती कापूस देणं.

"आई! काय केलंस हे?"

"गुंता काढला. आज तुझा एवढा महत्त्वाचा दिवस, म्हटलं पोरगी जरा नीटनेटकी दिसू दे."

यालाच केसानं गळा कापणं म्हणतात, आणि तोही मायेनं.

झिपरी पार्लरमध्ये केस सरळ करायचं काम करायची. मालकीणबाईंना तिचे कुरळे केस खुपायचे. "तुझं हे टोपलं बघून माझ्या क्रीमवर कोण विश्वास ठेवणार?" शेवटी सौदा ठरला. आज एक शिक्षिका केस सरळ करायला येणार होत्या. त्यांचेही केस कुरळेच. झिपरीचे केस बघून त्यांनी बेत बदलला आणि तिचं ते पाल्याचं पाणी विकत घेतलं, तर झिपरीनं आपले केस ठेवायचे. नाहीतर त्याच दिवशी खुर्चीत बसून सरळ करून घ्यायचे, किंवा काम सोडायचं.

उरलेल्या पाण्याची बाटली पिशवीत टाकून ती धावली. पोहोचली तेव्हा शिक्षिका आधीच येऊन बसल्या होत्या.

"बाई, पाच मिनिटं बेसिन द्या. केस भिजवले की बसतील."

"बेसिन गिऱ्हाइकांसाठी असतं," मालकीणबाई म्हणाल्या आणि तिला दंडाला धरून शिक्षिकांसमोर उभं केलं. "बघा, हा तुमचा पाला!"

शिक्षिकांनी तो पिंजलेला भारा पाहिला. झिपरी म्हणाली, "मॅडम, आईनं कोरडेच विंचरले हो. एरवी असे नसतात." म्हणताना तिलाच ते शाळेत 'वही घरी राहिली' म्हटल्यासारखं वाटलं.

"राहू दे गं," शिक्षिका हसल्या. "वीस वर्षं आरशाशी भांडतेय मी. करा सरळ."

मालकीणबाईंनी स्वतः क्रीम लावलं. त्याच्या उग्र वासानं झिपरीचे डोळे चुरचुरले. वासानंच, असं तिनं स्वतःला बजावलं. मग बाईंनी शेजारची खुर्ची फिरवली. "ये राणी. शब्द म्हणजे शब्द."

झिपरी बसली. आरशात बाईंच्या हातात फणी दिसली. सकाळी आईच्या हातात होती, अगदी तशीच. आणि तिचं टाळकं सटकलं. जो तो उठतो आणि माझ्याच डोक्यात फणी घालतो!

ती उठली, तडक बेसिनवर वाकली आणि अख्खी बाटली डोक्यावर उपडी केली. अंगातला टी-शर्ट वर ओढून केस टिपले, मुठीत धरून दाबले, सोडले, पुन्हा दाबले. पाणी फरशीभर झालं. बाई ओरडत होत्या, "अगं ए, लाज आहे का?" पण कपाळावर एक बट वळली, मग कानामागची, मग मानेवरच्या सगळ्याच.

शिक्षिका आरशातून पाहत होत्या. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"माझं थांबवता येईल?"

झिपरीनं घड्याळ पाहिलं. क्रीम लावायला घेतल्याला वीस मिनिटं झाली होती. मालकीणबाई डोळ्यांनीच तिला दटावत होत्या, पण खोटं कशाला बोलायचं? "धुऊन टाकता येईल. पण गेलं ते गेलं. आता मुळातून नवे येतील तेच तुमचे. ते आले की या, पाणी मी करून देईन."

"कुठं येतील?" मालकीणबाई म्हणाल्या. "तू तर चाललीस."

"घरी येतील," झिपरी म्हणाली. शिक्षिकांच्या पर्समधली पेन्सिल मागून तिनं बाटलीच्या कागदावर पत्ता लिहिला आणि रिकामी बाटली त्यांच्या मांडीवर ठेवली. मग ओल्या डोक्यानं ती रस्त्यावर आली. काम गेल्याचं आईला सांगायचं होतंच. पण त्याआधी घरातली ती फणी मोडायची होती.