खांबावर माणूस आहे

हजराबीनं वीज उपकेंद्रात एक दिवस बसायला होकार दिला तो एका वेड्या आशेनं. आपणच तिथं असलो तर निदान त्या दिवशी तरी लाईट जाणार नाही, असं तिला वाटलं होतं.

तिचा नवरा मकसूद जन्मभर कापूस पिंजून गाद्या भरत आला. त्या धुळीनं त्याची फुप्फुसं खाल्ली. आता त्याचा श्वास घरातल्या ऑक्सिजनच्या मशीनवर, आणि मशीन विजेवर. लाईट गेली की हजराबी उपकेंद्राला फोन लावायची. तिथला ऑपरेटर जीवन ठरलेलं बोलायचा, "येईल तवा येईल, चाची. सारखा फोन करू नका." मग तीही तोंडाला येईल ते बोलायची. भांडण वरच्या साहेबांपर्यंत गेलं, तेव्हा त्यांनी फर्मानच काढलं: एक दिवस कामाची अदलाबदल करा. हजराबीनं फोनवर बसायचं, जीवननं मकसूदपाशी.

सकाळ बरी गेली. लाईन चालू-बंद करायच्या पॅनलवर वर्षाराणी नावाची दुसरी ऑपरेटर होती. ती सांगेल तसं हजराबी लोकांना सांगत होती. दुपारी वावटळ सुटली आणि माळावरची तार तुटून रस्त्यावर पडली. वर्षाराणीनं त्या भागाला वीज देणारा फीडर बंद केला, लाईनमन अभिमन्यू खांबावर चढला. हजराबीचं घर त्याच फीडरवर होतं.

फोन थांबेनात. "झोपा काढताव का तिथं?" एकानं तर तिला तीच शिवी दिली, जी ती जीवनला द्यायची. "काम सुरू हाय, दादा," एवढंच ती म्हणत राहिली.

मग जीवनचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता.

"चाची, चाचाचे ओठ निळे पडलेत! जादाचं सिलेंडर मघाशीच संपलं. कुणी जीप थांबवंना. लाईन टाकायला सांगा, पाच मिनटं तरी लाईट द्या!"

हजराबीनं वर्षाराणीकडं पाहिलं. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अभिमन्यूचे हात तारेवर हायेत, चाची. त्याचा फोनबी लागंना. बटण दाबलं की गेला तो."

बटण हजराबीपासून हातभरच लांब होतं. तिनं ओढणीचं टोक मुठीत आवळून धरलं.

"जीवनभाऊ," ती म्हणाली, "खांबावर माणूस हाय. लाईन टाकता येत न्हाई. उचला त्यांना, कशातबी घाला, पण केजच्या दवाखान्यात न्या."

पलीकडून हुंदका ऐकू आला आणि फोन बंद झाला.

काम उरकून अभिमन्यू खाली उतरला, त्याचा निरोप आला, फीडर सुरू झाला. तशी हजराबी घराकडं पळत सुटली. दार सताड उघडं. मशीन घरघरत होतं आणि पलंगावर कुणी नव्हतं.

केजच्या दवाखान्यात जीवन भिंतीला टेकून फरशीवर बसला होता. सदरा घामानं चिंब, पायात एकच चप्पल. कुणाच्या तरी टमटममध्ये मकसूदला मांडीवर घेऊन तो आला होता.

"लाईन कावून टाकली न्हाई, चाची?"

"वर अभिमन्यू होता."

"म्हाईत हाय मला. मीबी तेच केलं असतं. तरी इचारलं."

 हजराबी त्याच्या शेजारी बसली. आतून मकसूदचा खोकला तरी ऐकू येतो का, म्हणून दोघंही कान देऊन होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मकसूद गेला.

जनाजा निघाला तेव्हा जीवन खांद्याला होता. अभिमन्यू लांब बाभळीखाली उभा होता. जवळ यायची त्याची छाती होईना. बायका हजराबीला आत ओढत होत्या. तिनं हात सोडवून घेतला आणि उंबऱ्यावरून हाक मारली, "अभिमन्यू, लांब कावून थांबला? ये बाबा. खांदा दे."

तो आला. जनाजा वळणाआड जाईस्तोवर हजराबी उभी राहिली. मग चौकट धरून खाली बसली आणि तिनं हंबरडा फोडला.